निळ्या डबीतला छापखाना

रविवार, ६ एप्रिल

भुंग्या,

तुझं पत्र पोचलं. निळी डबी काल वेगळ्या पार्सलाने पाठवली. माझा जुना स्वेटर भोवती गुंडाळला आहे, तो येताना परत आण, तुला होणार नाही.

तुझ्या बापाच्या हाती काही देऊ नकोस असं तू लिहिलं होतंस. दिलेलं नाही. मी स्वतः पोस्टात गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, आत काय आहे? म्हटलं, गेम आहे, टीव्हीला लावायच्या जुन्या मशीनचा. तो माझ्याकडे बघतच राहिला. माझ्या वयाच्या बाईने पार्सलातून औषधं नाहीतर लोकरीचे मोजे पाठवावेत अशी जगाची समजूत आहे.

बाकीच्या डब्या माझ्या खाटेखाली हलवल्या आहेत. एका खोक्यात कंपनीच्या अस्सल, एकात तू केलेल्या नकला, आणि एकात ते तुमचे होमब्रू, हौशी लोकांनी घरी केलेले खेळ. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, तू हे जमवलंस. जी मशीन तू जन्मायच्या आधी बंद पडली तिच्यासाठी कुणीतरी कुठेतरी आपल्या घरात बसून नवा खेळ करतो, मूठभर डब्या भरतो, आणि त्यातली एक मिळावी म्हणून तू जेवणावरून उठायचीस. मला आधी वाटलं पोरगी हातची गेली. मग मीच खेळायला लागले.

निळीची गोष्ट वेगळी, ती तू आणि तुझ्या बापाने मिळून केलेली, हे मला सांगायला नको. तुझी आई गेली त्या वर्षी तुम्ही बापलेक एकमेकांशी बोलत नव्हतात. बोलायचात ते फक्त या गेमबद्दल. तू संगणकावर बसायचीस आणि तो कागदावरच्या चौकटी भरून चित्रं काढायचा. त्याचा जन्म छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेला, कुठलं अक्षर किती जागेत मावतं हे त्याच्या बोटांना ठाऊक. म्हणून तो छोटा माणूस छापखान्यात पळत पळत सांडलेले खिळे उचलतो आणि मागून छपाईचा रूळ येतो. मी दुसऱ्या पडद्याच्या पुढे कधी गेले नाही. रूळ मला गाठायचाच.

आता जुन्या खेळांच्या मेळाव्यात तू ती मोठ्या पडद्यावर लावणार, आणि सगळ्यांना सांगणार की यातली चित्रं माझ्या बाबांनी काढली. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा केला. मेळावा झाला की थोडे दिवस घरी येईन, हेही वाचलं. ते मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'बरं.' मग उठून गेला तो रंगाचा डबा घेऊनच आला. तुझ्या खोलीला रंग चालू आहे. घरात बोलायची सोय नाही, नाकात वास आणि तोंडात धूळ.

बारीकसारीक एकदोन गोष्टी. तुझ्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती, वरच्यांची टाकी गळत होती. खोके दमट झाले होते, म्हणून मी सगळं पुसून ठेवलं. पुसताना काही इकडचं तिकडे झालं असलं तर माझं वय बघून घे. पोस्टातले लोकही पार्सलं आपटतात. आणि जुन्या वस्तू, कधी बिघडतील नेम नाही. चार लोकांसमोर लावायच्या आधी एकदा एकटीने लावून बघावीस असं माझं मत आहे. मत आहे, आग्रह नाही.

सहज विचारते, अशा चिपला ऊन चालतं का?

नको, उत्तर लिहू नकोस. सहजच विचारलं.

आजी


मंगळवार, २९ एप्रिल

भुंग्या,

रागाच्या पत्राला लगेच उत्तर देऊ नये म्हणतात, म्हणून थांबले. खरं म्हणजे काय लिहावं ते सुचत नव्हतं.

सगळं कळलं. मोठा पडदा, समोर तुझ्यासारखेच हौशी लोक, तू डबी लावलीस आणि छापखान्याऐवजी दोन दांडकी आणि एक चेंडू आला. लोक हसले, त्यांना वाटलं तू मुद्दाम गंमत केलीस. तूही हसलीस. मग बाहेर जाऊन डबी उघडलीस. चिपवरची पट्टी नवी. डबीच्या मागे नकलेची खूण नाही. एवढ्यावरून तू ठरवलंस की आतला खेळ काढून दुसरा भरला, आणि हे काम बाबांचं.

तुमच्यात नकलेच्या पाठीवर 'नक्कल' असं छापावंच लागतं, हे मला पाठ आहे. नक्कल करण्यात पाप नाही, ती अस्सल म्हणून खपवण्यात आहे. तू हे पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी म्हणाले होते, माणसांच्याही पाठीवर छापून पाठवायला हवं होतं, कितीतरी लग्नं वाचली असती.

तुझ्या बापाने तो शब्द एकदा गाळला. डब्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने तुझ्याच नकलांची लेबलं त्याच्याकडून छापून घेतली, मागचा शब्द वगळून, आणि डब्या अस्सल म्हणून विकल्या. बदनाम झालीस तू. तुझा बाप म्हणाला, मी छापणारा माणूस, गिऱ्हाईक देईल ते छापतो. तुला हे कुणी सांगितलं? मीच. त्यावर तू मला म्हणालीस, आजी, या घरात खरं बोलणारी तू एकटी. मी ते आजवर गळ्यातल्या दागिन्यासारखं मिरवलं.

आता तू विचारतेस, हेही त्यानेच केलं ना. भुंग्या, मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. चिपमधलं मला काय कळतंय. तुझा बाप तसा नाही असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. तो तसा आहे असंही म्हणत नाही. तू शहाणी आहेस.

तुझं हे पत्र मी त्याला वाचून दाखवलेलं नाही. तो विचारत होता, काय लिहिलंय. म्हटलं, खुशाली.

'पाच पानं खुशाली?'

'तब्येत चांगली आहे तिची. सविस्तर लिहिते.'

'येते कधी?'

'कामात आहे.'

'मग रंगाला वाळायला वेळ मिळेल,' तो म्हणाला. रंग केव्हाच वाळला आहे. आता त्याने भिंतीला फळ्या ठोकायला घेतल्या आहेत, डब्या ठेवायला. मोजून मापून, दोन फळ्यांत एक डबी उभी राहील एवढीच जागा. मी म्हटलं, खाटेखाली काय वाईट होतं? तो म्हणाला, खाटेखाली चपला ठेवतात.

तू येत नाहीस, ते एका ओळीत लिहिलंस. निदान दोन ओळींत लिहायचंस. तू काय ठरवायचं ते ठरव, पण माझ्यावर रागावू नकोस. मी मधली.

आजी


बुधवार, १४ मे

भुंग्या,

'तुला काही माहीत आहे का? हो का नाही, एवढंच लिही.' हे काय पत्र झालं? तू माझी नात आहेस, मास्तरीण नाहीस. तरी लिहिते.

हो. पुसल्यावर डबी चालेनाशी झाली, म्हणून मी ती कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे दिली होती. तोच, ज्याच्या मशीनवर तू ती चिप पहिल्यांदा भरली होतीस. त्याने काय केलं ते त्याला विचार. दुकानदारांचं काय सांगावं, आत एक ठेवतात आणि बाहेर एक देतात. तुझ्या बापाने डबीला बोटही लावलेलं नाही, हे मी लिहून देते.

तर आता बाप सुटला. यायला हरकत नसावी.

रेडिओवाल्याला मीच जाब विचारला असता, पण गुडघा धरला आहे, जिना उतरवत नाही. हे पत्रही खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेच्या हाती देते आहे. याहून जास्त मला ठाऊक नाही.

आजी


रविवार, १ जून

भुंग्या,

या पत्राच्या आधी दोन लिहून फाडली. त्यांत मी फार चांगली बाई होते.

तू रेडिओवाल्याला फोन करून चोर म्हणालीस. तो परवा संध्याकाळी वर आला. दार तुझ्या बापाने उघडलं. रेडिओवाला आत आला, पण बसला नाही.

'आजी, तुमच्या नातीने मला चोर म्हटलं. फोन स्पीकरवर होता, दुकानात माणसं होती. मी तुमचं नाव घेतलं नाही. म्हटलं, तुम्हीच सांगाल तिला. बरेच दिवस वाट पाहिली.'

'बस तरी,' मी म्हटलं.

'बसायला आलो नाही.'

तुझा बाप म्हणाला, 'कसली चोरी?'

रेडिओवाला माझ्याकडे बघत उभा राहिला. एरवी माझी जीभ कुणाच्या बापाला ऐकत नाही. त्या दिवशी मी चष्मा पुसत बसले. शेवटी सांगितलं त्यानेच, आणि माझी लाज राखत राखत सांगितलं, त्यामुळे ते ऐकायला जास्तच जड गेलं.

आता माझ्याकडून ऐक.

भिंतीला ओल आली तेव्हा, तुझं डबी मागणारं पत्र यायच्या आधीच, मी निळी डबी उघडली. साधे स्क्रू होते, सुरीच्या टोकाने निघाले. आत चिपवर काळी पट्टी होती, दमटपणाने चिकट झालेली, कडांना मळ धरलेला. मी ती सोलून काढली. खाली चण्याएवढी गोल काच, आणि काचेच्या आत सोनेरी काहीतरी चमकत होतं. मला वाटलं, एवढी देखणी वस्तू, हिच्या डोळ्यावर झापड कशाला. आणि ओल धरलेल्या वस्तूला ऊन दाखवायचं एवढंच मला येतं. गाद्यांना तेच, उशांना तेच, तुझा बाप लहानपणी सारखा आजारी पडायचा तर त्यालाही तेच. गच्चीवर, गाद्यांशेजारी, ताटात, काच वर करून. रोज सकाळी नेऊन ठेवायची, उन्हं उतरली की आणायची. आठवडाभर तरी केलं असेल. फार मनापासून केलं.

मग डबी बंद केली, मशीनला लावली, आणि पडदा काळा. फुंकर मारली, परत लावली. काळा. तुझं पत्र आलं तेव्हा डबी माझ्या उशाखाली होती.

रेडिओवाल्याने ती उघडून बघितली आणि मला विचारलं, 'आजी, ही काच कशासाठी असते, माहीत आहे?'

'आत बघायला.'

'पुसायला. उजेड आत गेला की लिहिलेलं पुसलं जातं. म्हणून वर पट्टी असते.'

'मग मेल्यांनी काच ठेवलीच कशाला?'

'पुन्हा लिहिता यावं म्हणून.'

'मग लिही पुन्हा.'

'काय लिहू? खेळ कुठाय? तिचा संगणक तर कधीच भंगारात गेला.'

मी म्हटलं, काहीतरी घाल, पडदा उजळला म्हणजे झालं. तो म्हणाला, हे बरं नाही. मी म्हटलं, तुला बरंवाईट विचारलेलं नाही, लहानपणी तुझ्या नाकाला रुमाल मी लावला आहे. तेव्हा त्याच्याकडे पडून होता तो चेंडूचा खेळ त्याने भरला, नवी पट्टी लावली, आणि विचारलं, 'मागे नक्कल असं लिहू का?' मी म्हटलं, लिहू नकोस.

ज्या शब्दावरून मी पोटच्या पोराला दोन वर्षं टोचून टोचून खाल्लं, तोच शब्द मी गाळायला लावला, आणि तेही तोंड वर करून. आयुष्यभर नाकाने कांदे सोलले. तुझ्या बापाला निदान गिऱ्हाईकाचं निमित्त होतं.

रेडिओवाला गेल्यावर तुझ्या बापाने दार लावलं. मग विचारलं, 'सगळंच गेलं? रुळाखालून सरपटत जायचं, तेही?'

'सगळं.'

'त्या सरपटण्याला ती पंधरा दिवस बसली होती,' तो म्हणाला. मग म्हणाला, 'तिला लिही, मीच केलं.'

'काय?'

'माझ्याशी ती तशीही बोलत नाही. तुझ्याशी तरी बोलू दे. रेडिओवाल्याची समजूत मी घालतो.'

'तुला अक्कल आहे का?'

'असेल तर तुझ्याकडूनच आलेली आहे,' तो म्हणाला आणि फळीवरची धूळ पुसायला लागला. तिच्यावर धूळ नव्हती.

काल मी रेडिओवाल्याच्या दुकानात गेले. गुडघ्याला काही झालेलं नाही, तेही खोटं होतं. दुकानात दोघंतिघं उभी होती. मी म्हटलं, नातीने याला चोर म्हटलं ते माझ्या खोटेपणामुळे. वस्तू मी बिघडवली आणि नाव याचं घेतलं. तो म्हणाला, आजी, हळू बोला, गिऱ्हाईकं आहेत. म्हटलं, गिऱ्हाईकांसाठीच बोलते आहे, तुला तर माहीतच आहे. त्याने चहा मागवला. तो मी प्यायले, पण त्याने मला माफ केलं असं तू समजू नकोस, मीही समजलेले नाही.

इथवर सांगायला मला जड गेलं नाही. ऊन दाखवलं ती चूक होती. दुसरा खेळ भरून पाठवला तो लबाडपणा. या दोन्हींबद्दल माणूस शिव्या खाऊन मोकळा होतो. पण तू बापावर आळ घेतलास आणि मी 'तसा नाही असं म्हणत नाही' असं लिहिलं, त्याचं कारण मी फाडलेल्या पत्रांत 'भीती' असं दिलं होतं. ते खरं नाही.

तुमचं बोलणं तुटलं तेव्हापासून पत्रं माझ्या नावाने यायला लागली. या घरात जे यायचं ते आधी माझ्या सासऱ्यांच्या नावाने, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या. आता पोस्टमन खालून माझं नाव पुकारतो. तू त्याचा फोन उचलत नाहीस म्हणून तुझ्या बापाचा जीव या पत्रांवर. मी खाटेवर बसते, चष्मा लावते, तो समोर स्टुलावर बसतो. मला वाटेल तेवढं मी वाचते आणि उरलेलं गादीखाली सारते. संपलं की तो विचारतो, 'एवढंच?' मी म्हणते, एवढंच. भुंग्या, मला ते आवडत होतं. तू येणार असं लिहिलंस तेव्हा आनंद झाला, नाही असं नाही. पण आनंदाच्या मागे एक विचार आला की आता हे बंद होणार. आणि तू येत नाहीस म्हणालीस तेव्हा तो विचार शांत झाला.

अजून एक राहिलं. हे लिहिलं नाही तर या पत्राला काही अर्थ नाही.

'मी छापणारा माणूस, गिऱ्हाईक देईल ते छापतो,' असं तो म्हणाला खरा. पण ते पहिल्या दिवशी. तू घर सोडून गेल्यावर मी तुला पत्र लिहायला बसले तेव्हा तो मला म्हणाला, 'तिला लिही, लेबलांचं माझं चुकलं. मला कळत होतं तो काय करणार आहे. कळत असून छापलं.' मी म्हटलं, लिहिते. लिहिलं नाही. पुढच्या पत्राच्या वेळी त्याने विचारलं, लिहिलंस का? मी म्हटलं, लिहिलं. मग तो प्रत्येक पत्रात त्याच्या उत्तराची वाट बघायचा, आणि 'एवढंच?' हा प्रश्न त्यासाठी असायचा. त्याला वाटलं, तू ते वाचलंस आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंस. दोन वर्षं तो असं समजून माझ्यासमोर बसला आणि मी त्याला बसू दिलं.

हे त्याला अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी तो आला की सांगणार आहे. तुला आधी लिहिलं, कारण कागदावर उतरलं की मला मागे फिरता येणार नाही. पत्र टाकायला आत्ताच स्वतः खाली जाते. तू येशील की नाही ते मी विचारत नाही, तो हक्क माझा राहिलेला नाही. मला माफ कर असंही लिहीत नाही, तू मन मोठं करशील आणि मला ते उरलेला जन्म वागवावं लागेल.

आधी रेडिओवाल्याला फोन कर. मग बापाला पत्र लिही. माझ्या पत्रात चार ओळी नकोत, वेगळं पत्र, पाकिटावर त्याचं नाव. पत्ता तोच. मी उघडणार नाही. त्याने वाचून दाखवलं तर ऐकेन. नाही दाखवलं तर विचारणार नाही.

एकदा विचारेन.

आजी